बहिणीकडूनही कमिशन घेणारा दादा

त्या दिवशी धाकटी दादाच्या ऑफिसात बसली होती, कारण दादाने तिला तिच्याच घरातून बाहेर काढलं होतं.

दहा वाजता घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं. नवरा बसचा ड्रायव्हर, बायको शाळेत शिकवणारी. दादा साडेनऊलाच आला. चौथा मजला, लिफ्ट नाही, दारात आला तोच धापा टाकत.

"चल, पिशवी घे आणि नीघ."

"अरे, पाणी तरी पी. श्वास तरी खाली बसू दे."

"घर दाखवताना मालक घरात नको. किती वेळा सांगायचं तुला?"

"मालक कुठंय इथे? मी मालकीण आहे."

"मालकीण तर त्याहून नको. मालक निदान गप्प बसतो."

मग पाणी प्यायला, तेही उभ्यानेच. तिने टाके घालायचे राहिलेले दोन ब्लाउज पिशवीत टाकले आणि दोघं खाली उतरले. तो फाटकाशी गिऱ्हाइकाची वाट बघत थांबला, ती ऑफिसला आली.

ऑफिस कसलं, औषधाच्या दुकानामागची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला लाकडी फळी आणि तिला खिळ्यांवर लोकांच्या घरांच्या चाव्या, प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. धाकटी दादाच्या खुर्चीत बसली, कारण बाकीच्या दोन खुर्च्यांवर फाइली होत्या. एक ब्लाउज झाला. दुसऱ्याची एक बाही झाली. तेवढ्यात फोन वाजला, नंबर दादाचा, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी.

"ताई, तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण. का?"

"मग लगेच या. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात बसलेत. हाक मारली तर ओ देत नाहीयेत."

धाकटीचे गुडघे गेली चार वर्षं दुखतात, पण त्या दिवशी दुखले की नाही ते तिला आठवत नाही. ती पोचली तेव्हा शेजाऱ्यांनी दादाला खुर्चीत घालून खाली आणलं होतं आणि त्या ड्रायव्हरने एका बाजूने खुर्ची धरली होती, घामाने चिंब. त्याची बायको दादाची पिशवी आणि चष्मा घेऊन मागे. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं. जिन्यातच सगळं झालं होतं म्हणाले, त्रास झाला नसेल.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीच्या डोक्यात मात्र एकच बसलं. माझा जिना. माझा चौथा मजला. माझं घर विकायला चढला आणि गेला.

आता दादा कोण, ते सांगायला पाहिजे. दादा म्हणजे घरं विकून देणारा, घेऊन देणारा एजंट. लोक दलाल म्हणायचे. तो म्हणायचा, म्हणा की, दलाल तर दलाल, पण काम कसं करतो ते बघून म्हणा. तीस वर्षं हेच केलं. त्याच्या धंद्यातले बाकीचे त्याला उलटा म्हणायचे. उलटा आला, उलट्याचं गिऱ्हाईक आहे, असं. कारण बाकीचे घराचं चांगलं आधी सांगायचे आणि वाईट सांगायचेच नाहीत. हा वाईट आधी सांगायचा. आणि ते जिन्यात सांगायचा.

प्रत्येक मजल्यावर थांबायचा आणि एक खोट सांगायचा. पहिल्या मजल्यावर, "सकाळी पाण्याला जोर नसतो, बादली भरून ठेवायची सवय लावा." दुसऱ्या मजल्यावर, "लिफ्ट नाही, आणि होणारही नाही. होणार आहे म्हणून कुणी सांगितलं तर त्याच्याकडून घर घेऊ नका." म्हणायचा, दाराशी पोचेपर्यंत सगळ्या खोटी संपल्या पाहिजेत, मग आत गेलं की माणूस मोकळ्या मनाने खिडकी बघतो. ज्याला पळायचं असेल तो जिन्यातूनच पळतो, तुमचा आणि त्याचा दोघांचा वेळ वाचतो.

आणि घेणाऱ्याच्या बाजूने असला तर त्याहून चिवट. खिशात काचेची एक गोटी ठेवायचा. मोकळ्या खोलीत मधोमध ठेवायची, सोडायची आणि बघत बसायचं कुठे पळते. घरातले सगळे नळ एकदम सोडायचा. वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवायचा आणि त्या लोकांना विचारायचा, तुम्ही रात्री फर्निचर ओढता का? लोक चिडायचे, मग हसायचे, मग खरं सांगायचे. एक घर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा बघितल्याशिवाय कुणाला टोकन देऊ द्यायचा नाही. म्हणायचा, सकाळचं घर आणि संध्याकाळचं घर ही दोन घरं असतात, आपण एकाचे पैसे देतो आणि दुसऱ्यात राहतो.

असा भाऊ घरात असताना धाकटीने आपलं घर स्वतः विकायला काढलं, ते का? तर कमिशनवरून.

नवरा गेल्यावर ती एकटीच होती, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. गुडघे बोलायला लागले. खाली कुठेतरी तळमजल्यावर लहानसं घर घ्यावं, चौथ्या मजल्याचं विकावं, असं ठरवून ती दादाकडे गेली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढला.

"हे काय?"

"माझं कमिशन किती आणि त्यात मी काय काय करणार, ते लिहिलंय. वाच आणि सही कर."

"मी तुझी बहीण आहे."

"म्हणून तर नीट वाच म्हणतोय."

"सख्ख्या बहिणीकडून कमिशन घेणार तू? लाज नाही वाटत?"

"फुकट केलं तर तू मला एक शब्द बोलू शकणार नाहीस, धाकटे. काम अडलं, तर म्हणशील, जाऊ दे, बिचारा फुकट करतोय. पैसे दिलेस तर माझी मानगूट धरशील. मला मानगूट धरलेली चालेल."

पण धाकटीच्या डोक्यात राग. ती उठून आली. आठ महिने बोलली नाही. शेजारच्या पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली, घर विकणे आहे, आणि खिडकीला टांगली.

आठ महिने त्या पाटीचा रंग उन्हात उडत राहिला. लोक यायचे. धाकटी त्यांना चहा करायची. मग हे कपाट माझ्या मिस्टरांनी स्वतः केलं, ही खुंटी मुलीच्या दप्तरासाठी, इथे मशीन ठेवलं की सकाळचं ऊन हातावर येतं, असं चालू व्हायचं. येणाऱ्या माणसाला घर बघायचं असायचं आणि ही त्याला सगळं आयुष्य दाखवायची. तो बिचारा चहा संपवून चोरासारखा निघून जायचा. एका बाईला तर तिने आपणहून सांगून टाकलं की गुडघे दुखतात, आता फार दिवस थांबता येणार नाही. त्या बाईने तिथल्या तिथे किंमत इतकी पाडली की धाकटीने तिला दिलेल्या चहाबद्दल पण मनात हळहळ केली.

आणि मग तो माशांचा माणूस. बोलायला गोड. घर पसंत आहे, बँकेचं कर्ज होतंय, मोजमाप घ्यायला चावी द्याल का? धाकटी मुलीकडे आठ दिवस जाणार होती, दिली चावी. परत आली, बेल वाजवायची गरजच पडली नाही, दार उघडंच होतं. आत त्याचा पलंग, त्याचा फ्रिज आणि काचेची एवढी मोठी पेटी, त्यात रंगीत मासे. बनियनवर बसलेला तो म्हणतो, "या ना ताई, बसा."

आपल्याच घरात आपल्याला बसा म्हणतोय. धाकटी तशीच पिशवी घेऊन दादाच्या दारात. आठ महिन्यांनी बोलायची वेळ आली ती अशी.

वहिनी म्हणाल्या, "पोलिसात जा." दादा म्हणाला, "आधी मी जातो." गेला आणि त्या माणसाच्या पलंगावर दोन तास बसला. माशांना खायला घातलं म्हणे. त्याच्याकडून काढून घेतलं की कर्ज नाकारलंय, आधीच्या घरमालकाने बाहेर काढलंय, आणि हे सांगायची त्याला लाज वाटतेय. तिसऱ्या दिवशी दादाने त्याला भाड्याची एक खोली मिळवून दिली. पाचव्या दिवशी दोघांनी मिळून ती काचेची पेटी मासे न सांडता चार मजले खाली उतरवली. भांडण नाही, वकील नाही.

धाकटी म्हणाली, "मी असते तर त्याला हाकलला असता."

"हाकललेला माणूस दारातच उभा राहतो, धाकटे. जायला जागा दिली तर जातो."

मग तिने हात पुढे केला. "दे तो कागद. घे बाबा, तुझं कमिशन घे आणि सुखी हो."

सही केली ती पण अशी, की कागद फाटतो की काय. वहिनी आतून म्हणाल्या, "जपून, टेबल आमचं आहे."

त्यानंतर दादाने तिला तळमजल्याचं घर शोधून दिलं. दोन खोल्या, मागे फरशीचा तुकडा, शिलाईच्या गिऱ्हाइकांना थेट रस्त्यावरून आत येता येईल असं. गोटी सोडून झाली, नळ सोडून झाले, तीनदा बघून झालं. धाकटीने टोकन दिलं. बाकीचे पैसे महिन्याच्या तीस तारखेपर्यंत द्यायचे, नाही दिले तर टोकनही गेलं आणि घरही दुसऱ्याला. म्हणजे वरचं घर विकलं गेलं तरच खालचं मिळणार. आणि दादा गेला त्या दिवशी बावीस तारीख होती.

पहिले पाच-सहा दिवस तारीख कुणाच्या लक्षात राहते? धाकटी दादाच्याच घरी होती. अठ्ठावीसला सकाळी तिला एकदम आठवलं, पण वहिनींपुढे विषय कुठल्या तोंडाने काढायचा? नवरा गेलाय त्यांचा, आणि तोही माझ्या जिन्यात. गेलं तर गेलं घर, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. चढू चार मजले, त्याने नाही का चढले.

वहिनींनीच विषय काढला. "अहो, तुमच्या घराची फाइल बघितली का?"

"असू दे, वहिनी."

"असू दे काय? ते असते तर ओरडले असते. चला ऑफिसला."

वहिनी कधी त्या ऑफिसात दहा मिनिटंही बसल्या नव्हत्या. कुलूप उघडलं, पंखा लावला, आणि खुर्चीवरच्या फाइली खाली ठेवून त्यातून धाकटीची काढली. दादाची पद्धत होती, प्रत्येक घराची वेगळी फाइल आणि सगळ्यात वर एक पान, त्यावर मथळा, बाकी राहिलेलं. झालं ते खोडायचं, राहिलं ते दिसत राहायचं. मोठं अक्षर, लहान मुलासारखं.

वहिनींनी बोट ठेवून वाचलं. जुनं खरेदीखत, आहे, खोडलेलं. सगळे कर भरल्याच्या पावत्या, खोडलेलं. बिल्डिंगचं पत्र, खोडलेलं. मग न खोडलेलं. गच्चीकडच्या भिंतीची ओल, गवंड्याला दाखवली, त्याचा खर्च विचारून किमतीतून आधीच कमी केला आहे, अंदाजपत्रक आत, गिऱ्हाइकाला दाखवणे. आणि त्याच्याखाली, तळमजल्याच्या मालकाकडून मुदत पंधरा दिवस वाढवून घेतली आहे, त्याच्या सहीची चिठ्ठी आत. धाकटीला सांगू नये, निवांत बसेल.

वहिनी वाचता वाचता थांबल्या. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनींचं जे रडणं सुरू झालं ते दवाखान्यातल्या भिंतीशी पण झालं नव्हतं. धाकटीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर कुणीतरी भाड्याच्या घराबद्दल विचारायला आलं होतं, दारातूनच परत गेलं.

आता पंधरा दिवस जास्तीचे होते हातात. पण घेणारे? ज्यांच्या डोळ्यांसमोर माणूस गेला ते त्या जिन्याला परत पाय लावतील का? धाकटीला खात्री होती की नाही लावणार.

दोन दिवसांनी तो ड्रायव्हर आणि त्याची बायको स्वतःच आले, दादाच्या घरी, पिशवी आणि चष्मा द्यायला. चष्मा पुसून कागदात गुंडाळला होता. बसले. ड्रायव्हर बराच वेळ हातातल्या किल्ल्या खेळवत होता.

बायको म्हणाली, "बोलायची ही वेळ नाही, पण आम्हाला घर बघायचं राहिलंय अजून. तुम्हाला चालेल तेव्हा."

"तुम्हाला तिथे... चालेल?" धाकटीने विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही आधी आठ घरं बघितली, ताई. आठही घरांत सगळं छान होतं. आमचं डोकं फिरायची वेळ आली होती. दादांनी पहिल्या मजल्यावर पाणी सांगितलं, दुसऱ्यावर लिफ्ट सांगितली. मी हिला म्हटलं, हा माणूस खरा आहे. तिसऱ्यावर ते म्हणाले, आता तिसरी खोट ऐका, आणि कठडा धरून खाली बसले."

वहिनींनी चष्मा कागदातून बाहेर काढला.

धाकटीला कळलं. तिसरी खोट म्हणजे ओल. ती सांगायची राहून गेली. भिंतीला आत्ताच रंग दिलेला होता, चार-सहा महिने काही दिसणार नव्हतं. नुसतं गप्प बसलं तर घर विकलं गेल्यासारखंच होतं, आणि तळमजलाही आलाच. तिने वहिनींकडे बघितलं. वहिनी चष्म्याचा कागद घडी करत होत्या, वर बघेनात.

"गच्चीकडच्या भिंतीला ओल येते," धाकटी म्हणाली. "वरून रंग आहे. रंगाने थांबत नाही ती. तीच सांगणार होता तो."

बायकोचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याकडे बघितलं. "किती येते?"

"कपाटातले कपडे दमट होतात इतकी."

"आम्ही विचार करून सांगतो," ती म्हणाली, आणि दोघं उठले.

दारापाशी पोचले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा." आत जाऊन फाइल आणली, गवंड्याचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हा खर्च यांनी किमतीतून आधीच काढून टाकलाय. तुम्हाला सांगितली ती किंमत ओल धरून आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही, त्यांनी लिहून ठेवलंय ते दाखवतेय. गवंड्याचा फोन नंबर खाली आहे, तुम्हीच विचारून घ्या. घराची चावी शेजाऱ्यांकडे आहे, ते दार उघडून देतील."

ते गेले. धाकटी म्हणाली, "गेलं हो वहिनी."

"गेलं तर गेलं. खोटं बोलून विकलं असतं तर मला रोज रात्री ते येऊन ओरडले असते, तुम्हाला काय, तुम्ही तळमजल्यावर झोपला असता."

तीन दिवस काही नाही. धाकटीने दहा वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला, कारण दादा सांगायचा, विकणाऱ्याने फोन करायचा नाही, भाव फोनवरून पडतो. चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. गवंड्याला घेऊन घर बघून आलो, त्याने दोनदा भिंत ठोकून बघितली, कागदावर आहे तेवढ्यातच होईल म्हणाला. आणि मग जरा अडखळून, "ताई, एक विचारायचं होतं. माझा साडू म्हणतो, आता एजंट नाही म्हटल्यावर दोन्हीकडचं कमिशन वाचवता येईल. तुम्हाला काय वाटतं?"

"तुमच्या साडूला म्हणावं, एजंट आहे," धाकटी म्हणाली. "फाइल त्याचीच चालू आहे."

तो म्हणाला, "मीही त्याला हेच म्हटलं. तुमच्याकडून ऐकायचं होतं."

कागद झाले. रजिस्टर ऑफिसात धाकटीची सही वेडीवाकडी आली, तिथल्या माणसाने दुसऱ्यांदा करायला लावली. वहिनी कमिशनला हात लावायला तयार नव्हत्या, यांच्या बहिणीकडून कसं घेऊ म्हणत होत्या. धाकटी म्हणाली, माझ्या सहीचा कागद आहे तुमच्याकडे, टेबलावर छाप पण असेल अजून. मग घेतलं. वाढवलेल्या मुदतीला चार दिवस बाकी असताना तळमजल्याचे पैसे पोचले.

महिन्याभराने ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. स्वयंपाकघरात तीन बटणं आहेत, त्यातलं एक कशाचं तेच कळत नाही, जरा येऊन सांगाल का? धाकटीला जायचं नव्हतं. त्या जिन्यात पाय टाकायचा नाही असं तिने ठरवलं होतं. पण बटण होतं नळाच्या मोटारीचं, फोनवर समजावता येईना. गेली.

पहिला मजला, दुसरा मजला, कठड्याला धरून, दर पायरीला थांबत. तिसऱ्यावर वळताना तिने मान खाली घातली होती. वर बघितलं तर कोपऱ्यात एक लाकडी स्टूल, कडांना घासून गुळगुळीत केलेलं, पाय साखळीने कठड्याला बांधलेले. आणि त्याच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या, भाजीची पिशवी मांडीवर, तोंडाने श्वास घेत.

"ड्रायव्हरने ठेवलंय," आजी म्हणाल्या. "बिल्डिंगवाल्यांनी दोनदा हलवलं, दोनदा परत ठेवलं, मग साखळीच लावली. तुला बसायचंय का गं? उठते मी."

"नको, बसा," धाकटी म्हणाली. "मला घाई नाही."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. आजींचा श्वास खाली बसायला जरा वेळ लागला. मग त्या उठल्या, पिशवी उचलून आपल्या दारात गेल्या, आणि धाकटी बसली.